परिशिष्ट बघू नका, ते झालंय: एका भूजल अहवालातल्या हरवलेल्या चित्रांचं प्रकरण

अहवाल भूजलाचा. दख्खनच्या बेसाल्टातल्या पाच लहान पाणलोटांचा अभ्यास: विहिरींच्या पाणीपातळ्या, नकाशे, खडकांच्या पातळ छेदांचे सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले फोटो, आणि दुसऱ्या खंडात प्रत्येक विहिरीच्या आलेखाचं परिशिष्ट. दोन्ही खंड मिळून ४१२ पानं, सगळी वर्डमध्ये. लिहिणारे चौघं: प्रमुख संशोधक असलेले सर, पीएचडी करणारी दोन मुलं आणि एक प्रकल्प सहायक मुलगी. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर आपला भाग लिहिला आणि शेवटी सगळं एकत्र केलं. मी प्रबंध आणि अहवालांची मांडणी करून देते. अशा फाइली माझ्याकडे येतात त्या बहुतेक मुदत तोंडावर आल्यावर, आणि सोबत एकच वाक्य घेऊन. या वेळचं वाक्य होतं, "ताई, चित्रं उडालीत."

या तक्रारीमागे एकच कारण असणार असं सगळे धरून चालतात आणि तिथेच घोळ होतो. या अहवालात चार वेगवेगळी कारणं निघाली. त्यातलं सर्वांत वाईट कारण ज्या पानांवर होतं, त्या पानांबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

मुलांनी यादी पाठवली होती. दुसऱ्या भागात आलेखांच्या जागी नुसती पट्टी दिसते, आलेखाचा तळचा भाग तेवढा. तिसऱ्या भागात नकाशांच्या जागी तांबडी फुली असलेली रिकामी चौकट. पण ज्याने तो भाग लिहिला त्याच्या लॅपटॉपवर सगळे नकाशे व्यवस्थित. सहाव्या भागात छेदांच्या फोटोंच्या जागीही फुली, आणि ती सगळ्यांकडे, लिहिणारीच्या लॅपटॉपवरसुद्धा. तिचं म्हणणं, "परवापर्यंत होते हो." परिशिष्टातही पाच ठिकाणी फुली आली होती, पण ती त्यांनी स्वतःच निस्तरली होती. यादीच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: परिशिष्ट बघू नका, ते झालंय.

आधी सेव्ह थांबवायचं

फोन करून पहिली गोष्ट सांगितली ती ही की आता कोणीही या फाइली उघडून सेव्ह करायच्या नाहीत. कारण साधं आहे. सेव्ह करताना वर्ड जुन्या फाइलमधला ऐवज जसाच्या तसा पुढे नेत नाही. ज्या चित्राचा मजकुराशी असलेला संबंध त्याला सापडतो, तेवढंच चित्र तो नव्याने लिहितो; बाकीचं गळून पडतं. संबंध तुटलेलं चित्र फाइलच्या पोटात अजून पडून असलं, तरी पुढच्या कंट्रोल-एसला ते खरोखरच जातं. घाबरलेला माणूस मात्र दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबत बसतो.

दुसरी गोष्ट, जुन्या प्रती. पेनड्राइव्ह, ड्राइव्हची व्हर्जन हिस्टरी हे सगळं ठीक आहे, पण माझा खरा भरवसा ईमेलच्या सेंटवर असतो. "सर, ड्राफ्ट बघा" म्हणून पाठवलेल्या फाइली तिथे तारखेसकट पडलेल्या असतात आणि पाठवल्यानंतर त्यांना कोणी हात लावलेला नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइलही तितकीच चांगली.

प्रती हाती आल्या तेव्हा त्या लगेच उघडल्या नाहीत, नुसते आकार बघितले. पहिल्या खंडाचा जुना मसुदा ८८ एमबीचा होता. आताची फाइल ३१ एमबी, आणि पानं उलट वाढलेली. हे एवढं कळलं तरी अर्धं निदान होतं. आकार तसाच राहून चित्रं दिसत नसतील, तर ती आत आहेत, फक्त दाखवली जात नाहीत. कोणीतरी ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स'वर टिक केलेली असते, किंवा फाइल ड्राफ्ट व्ह्यूमध्ये उघडलेली असते आणि मजकुरावर तरंगणारी चित्रं त्या व्ह्यूमध्ये दिसतच नाहीत. असल्या गोष्टी मिनिटभरात सुटतात. इथे मात्र ५७ एमबी कुठेतरी गेले होते.

फाइलच्या आत

डॉक्स फाइल म्हणजे खरं तर झिप असते. २००७ च्या वर्डपासून हेच नेहमीचं रूप आहे आणि त्याचा आराखडा २००८ मध्ये आयएसओचं प्रमाण म्हणून मान्य झाला. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगम्य चिन्हांच्या आधी पहिली दोन अक्षरं 'पी' आणि 'के' दिसतात. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. त्यामुळे प्रत काढायची, नावाच्या शेवटचं डॉक्स खोडून झिप करायचं आणि उघडायचं. (विंडोजमध्ये एक्स्टेंशन लपवलेलं असतं तेव्हा हे नाव 'अहवाल डॉट झिप डॉट डॉक्स' असं होऊन बसतं आणि मग फोन येतो की ताई, झिप होत नाहीये. आधी व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेंशन दिसेल असं करा.)

आत 'वर्ड' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात आपल्या कामाच्या तीन गोष्टी. 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे सगळा मजकूर. 'मीडिया' नावाचा फोल्डर, म्हणजे चित्रं: इमेज-१, इमेज-२ अशी. आणि 'रेल्स' नावाच्या फोल्डरात एक छोटी यादी. मजकुरात चित्राच्या जागी चित्र नसतंच, नुसता एक क्रमांक असतो, समजा आरआयडी-१२. आरआयडी-१२ म्हणजे मीडियातलं कोणतं चित्र, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. चित्र दिसायला मजकुरातला क्रमांक, यादीतली ओळ आणि मीडियातली फाइल असं तिन्ही जागेवर असावं लागतं. यांतलं काय हललंय यावर तांबड्या फुलीखालचा बारीक मजकूर बदलतो. तो कोणी वाचत नाही, कारण चौकट लहान असली की तो अर्धवट दिसतो. झूम २०० टक्के करा आणि वाचा. 'लिंक केलेलं चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली किंवा नाव बदललं असेल' अशा अर्थाचा मजकूर असेल तर चित्र मुळात फाइलच्या बाहेर होतं. 'अमुक रिलेशनशिप आयडीचा भाग फाइलमध्ये सापडला नाही' असं असेल तर ते आत असायला हवं होतं आणि नाही.

पहिल्या खंडातल्या सगळ्या फुल्यांखाली पहिला मजकूर होता. मात्र तो तिथे येण्याच्या वाटा दोन होत्या.

नकाशे: फाइल हलकी ठेवण्याची किंमत

तिसऱ्या भागाची यादी उघडली आणि सगळं ओळीत लिहिलेलं सापडलं. नकाशांसमोर मीडियातल्या फाइलचं नाव नव्हतं. डी ड्राइव्हवरच्या 'मॅप्स फायनल' फोल्डरचा पूर्ण पत्ता होता आणि पुढे 'एक्स्टर्नल' असा शेरा. मुलाने नकाशे घालताना इन्सर्ट बटणाच्या शेजारचा बाण उघडून 'लिंक टू फाइल' निवडलं होतं. मुद्दाम. कारण सर म्हणाले होते की फाइल जड होतेय, ईमेलला चिकटत नाही. फाइल हलकी झाली, त्याच्या लॅपटॉपवर नकाशे दिसत राहिले, कारण तिथे तो फोल्डर होताच. दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवर ते दिसणं शक्य नव्हतं.

हा प्रश्न सोडवायला सगळ्यात सोपा. त्याच्याच लॅपटॉपवर फाइल उघडायची, फाइल, इन्फो, आणि उजवीकडे खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स'. लिंक नसेल तर ही ओळ दिसतच नाही, त्यामुळे ती दिसणं हीसुद्धा खूणच. तिथे सगळ्या ओळी निवडून 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट'वर टिक, आणि मग 'ब्रेक लिंक'. तो लॅपटॉप हाताशी नसेल तर आपल्या कॉम्प्युटरवर त्याच पत्त्याचा फोल्डर तयार करून त्यात नकाशे टाकले तरी चालतं; वर्डला पत्ता सापडण्याशी मतलब.

एक बारकावा इथे सांगते, कारण त्यावर माणसं तासन्‌तास घालवतात. ऑल्ट-एफ-नाइन दाबलं की फील्ड, म्हणजे वर्ड स्वतः भरतो त्या जागांमागच्या सूचना, दिसतात, त्यात लिंक केलेली चित्रं सापडतील असं सगळीकडे सांगितलेलं असतं. डॉक्स फाइलमध्ये 'लिंक टू फाइल'ने घातलेली चित्रं तिथे दिसत नाहीत, कारण ती फील्ड म्हणून ठेवलेलीच नसतात. 'एडिट लिंक्स' किंवा झिपमधली यादी, इथेच बघावं लागतं.

दुसऱ्या भागातल्या पट्ट्यांचं कारण तर चित्राशी संबंधितही नव्हतं. खात्याच्या नियमावलीप्रमाणे ओळींमधलं अंतर ठेवायचं म्हणून कोणीतरी पूर्ण भाग निवडून लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' १८ पॉइंट केलं होतं. ओळीत बसवलेलं चित्र वर्डच्या लेखी एक मोठं अक्षरच. ओळ १८ पॉइंटांची केली की चित्राचा तेवढाच तुकडा दिसणार. 'फाइंड' मध्ये ^ हे चिन्ह आणि लगेच इंग्रजी जी घातला की ओळीतलं प्रत्येक चित्र सापडतं; 'रिप्लेस' मध्ये ^ आणि & घालून फॉरमॅटमधून लाइन स्पेसिंग सिंगल दिलं की एका फटक्यात सगळी उघडतात. आलेख जागेवर आले, एका ओळीचं काम.

छेदांचे फोटो: एफ-नाइनने खाल्लेले

सहावा भाग लिहिणारी मुलगी मॅक वापरते. प्रयोगशाळेतून छेदांच्या फोटोंची पानं पीडीएफमध्ये आली होती. तिने पीडीएफ उघडून फोटो कॉपी केला, वर्डमध्ये पेस्ट केला, असं एकेक करून. दिसायला सगळं नेहमीसारखं. पण तिच्या जुन्या फाइलमध्ये ऑल्ट-एफ-नाइन दाबल्यावर प्रत्येक फोटोच्या जागी 'इन्क्लूडपिक्चर' हे फील्ड उघडं पडलं आणि त्यापुढे मॅकमधल्या तात्पुरत्या फोल्डरचा लांबलचक पत्ता. त्यातलं एक नाव 'वेब-आर्काइव्ह-कॉपी-पेस्ट-टेम्प-फाइल्स' असं. म्हणजे वर्डच्या मते हा फोटो त्या पत्त्यावरून आणलेला आहे आणि फाइलमध्ये आहे ती त्याची शेवटची आणलेली प्रत.

जोपर्यंत कोणी फील्ड ताजी करत नाही तोपर्यंत ही प्रत सुखरूप असते. एकत्र केलेल्या फाइलमध्ये आकृत्यांची सूची ताजी करायची म्हणून एका मुलाने कंट्रोल-ए करून एफ-नाइन दाबलं. हे बरोबरच होतं. सूची, पानांचे आकडे, 'आकृती ६.४ पाहा' असे उल्लेख हे सगळं असंच ताजं करतात. पण कंट्रोल-एमध्ये फोटोसुद्धा आले. वर्ड विंडोजवर मॅकमधला पत्ता शोधायला गेला, तिथे काही नव्हतं, त्याने हातातली प्रत टाकून फुली मांडली, आणि मुलाने फाइल सेव्ह केली. "परवापर्यंत होते" हे मुलीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. ऑप्शन्समध्ये 'अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग' वर टिक असेल तर हेच सगळं नुसत्या प्रिंटच्या आज्ञेनेही घडतं, आणि मग फोटो प्रिंटरने खाल्ले अशी अफवा उठते.

उपाय तिच्या जुन्या फाइलमध्येच होता, कारण ती फाइल सेंटमध्ये होती आणि तिच्यावर एफ-नाइन चाललेलं नव्हतं. फील्ड कायमचं मोडून त्याच्या जागी आहे ते चित्र पक्कं करायची किल्ली कंट्रोल-शिफ्ट-एफ-नाइन. पण ही किल्ली कंट्रोल-ए करून कधीही दाबायची नाही. फोटो वाचतात, आणि सोबत अनुक्रमणिका, आकृत्यांचे आपोआप पडणारे क्रमांक, झोटेरो या संदर्भांच्या सॉफ्टवेअरने घातलेले संदर्भ, सगळं निर्जीव अक्षरांत बदलतं. ते पुन्हा जिवंत करणं म्हणजे अहवाल नव्याने बांधणं. म्हणून ऑल्ट-एफ-नाइनने फील्ड उघडी ठेवायची, 'फाइंड'मध्ये ^ आणि डी, मग एक जागा सोडून इन्क्लूडपिक्चर हे इंग्रजीत घालायचं, आणि सापडेल त्या एकेका फील्डवर किल्ली चालवायची. कंटाळवाणं आहे खरं.

दोन फोटो मात्र जुन्या फाइलमध्ये नव्हते. ते तिने थेट एकत्र फाइलमध्ये पेस्ट केले होते. ते सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॉम्प्युटरवरून परत काढावे लागले, आणि त्यात फायदाच झाला. पीडीएफमधून कॉपी केलेला फोटो आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो शेजारी ठेवल्यावर प्लॅजिओक्लेझ या खनिजाच्या स्फटिकांतल्या जुळ्या पट्ट्या मूळ फोटोत स्वच्छ दिसत होत्या आणि पीडीएफवाल्यात एकमेकींत मिसळल्या होत्या. सरांनी मग सगळेच मूळ फोटो मागवले. नवे घालण्याआधी ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर टिक केली. तिथे २२० पीपीआय, म्हणजे इंचाला २२० पिक्सेल, असं ठरलेलं असेल तर सेव्ह करताना ८ सेंटिमीटर रुंद फोटोचे जेमतेम ६९० पिक्सेल उरतात. नकाशाला ते चालून जातं. खनिज ओळखायच्या फोटोला चालत नाही.

परिशिष्ट

इथवर आल्यावर काम संपल्यासारखं होतं. दुसऱ्या खंडात पाच पाणलोट, प्रत्येकाची वेगळी फाइल होती, आणि मोठ्या मुलाने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून त्या एकत्र केल्या होत्या. आलेखही त्याच्याच स्क्रिप्टने फाइलींत घातलेले. पाच आलेखांच्या जागी फुली आली, ती त्याने हाताने पुन्हा घातली. पानं चाळली तर प्रत्येक मथळ्यावर, म्हणजे आलेखाखाली असते त्या ओळीवर, एक आलेख. ५८ विहिरी, ५८ आलेख. कुठे काही रिकामं नाही.

सवयीने याही फाइलची झिप उघडली. मीडिया फोल्डरात चित्रं १६.

पानांवर ५८ आलेख आणि पोटात १६ चित्रं. एकच चित्र अनेकदा वापरलं असेल तर वर्ड ते एकदाच साठवतो हे खरं, उदाहरणार्थ संस्थेचं बोधचिन्ह. पण विहिरींचे आलेख सारखे कसे असतील? १६ हा आकडा नीट बघितला तर फुटतो: ११ आणि ५. पाच म्हणजे मुलाने नंतर हाताने घातलेले. अकरा म्हणजे पहिल्या पाणलोटातल्या विहिरी. बाकीच्या चार पाणलोटांचा एकही आलेख, ते पाच सोडले तर, फाइलमध्ये नव्हताच.

स्क्रिप्टने पहिली फाइल आधाराला घेतली होती आणि बाकीच्या फाइलींतला मजकूर उचलून तिच्या शेवटी चिकटवला होता. मजकुरासोबत चित्रांचे क्रमांक आले. चित्रं आली नाहीत, आणि क्रमांकांची यादीही आली नाही. ती पहिल्याच फाइलची राहिली. अ तुकडीतला हजेरी क्रमांक १२ आणि ब तुकडीतला हजेरी क्रमांक १२ ही दोन वेगळी मुलं. इथे ब तुकडीची मुलं अ तुकडीच्या हजेरीपटावर पुकारली गेली. सगळ्या फाइली एकाच साच्यातून, एकाच स्क्रिप्टने बनवलेल्या, त्यामुळे क्रमांकही तंतोतंत तेच. दुसऱ्या पाणलोटातल्या पहिल्या विहिरीच्या जागी पहिल्या पाणलोटातली पहिली विहीर उभी राहिली, दुसरीच्या जागी दुसरी. वर्डच्या बाजूने काही चुकलेलं नव्हतं. क्रमांक सापडला, यादीत ओळ सापडली, मीडियात फाइल सापडली, चित्र दाखवलं.

मग पाचच ठिकाणी फुली का? पाणलोटांत विहिरी अनुक्रमे ११, १४, ९, १२ आणि १२. दुसऱ्या पाणलोटातल्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या विहिरीचा क्रमांक पहिल्या यादीत नव्हता. चौथ्या आणि पाचव्यातल्या बाराव्या विहिरीचंही तेच. ज्यांना जोडीदार सापडला नाही तेवढ्याच फुल्या होऊन दिसल्या. उरलेले ४२ आलेख दुसऱ्याच विहिरींचे होते, आणि पानावर अगदी ऐटीत बसले होते.

हे तर्काने कळलं तरी तसंच सांगणं बरं नव्हतं. दोन गोष्टी पडताळल्या. मुलाचा स्क्रिप्ट पायथनचं जे साधन वापरत होता, त्याने चित्र घातलं की मजकुराच्या एक्सएमएलमध्ये चित्राच्या चौकटीपाशी मूळ फाइलचं नाव राहतं. तिसऱ्या पाणलोटातल्या एका चौकटीवर 'डब्ल्यू-२७' असं नाव होतं. क्रमांकाने दाखवलेलं चित्र मुलाच्या लॅपटॉपवरच्या 'डब्ल्यू-०२' शी तंतोतंत जुळलं. दुसरी गोष्ट पानावरच होती, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. मथळ्यात लिहिलेलं: विहिरीची खोली ९.५ मीटर. वरच्या आलेखात मे महिन्यातली पातळी जमिनीपासून १२ मीटरच्याही खाली. पाणी विहिरीच्या तळाच्या अडीच मीटर खाली.

सरांना ते पान नुसतं पाठवलं, काही न लिहिता. त्यांचा फोन लगेच आला.

हे इतके दिवस कोणाच्या लक्षात का आलं नाही, याचं एक कारण आलेखांच्या रचनेत होतं. नियतकालिकांच्या पद्धतीप्रमाणे आलेखावर शीर्षक नव्हतं. विहिरीचा क्रमांक फक्त खालच्या मथळ्यात, म्हणजे वर्डच्या मजकुरात. चित्र आणि त्याची ओळख वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली होती. आणि पाणीपातळीचे आलेख लांबून सारखेच दिसतात: पावसाळ्यानंतर वर, उन्हाळ्यात खाली. मुलाने नंतर आलेख काढण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, आता प्रत्येक आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात सहा पॉइंटांत विहिरीचा क्रमांक छापून येतो. दिसायला थोडं ओबडधोबड, पण मला ते फार आवडलं.

दुरुस्ती सरळ होती, कारण पाचही मूळ फाइली शाबूत होत्या आणि एकत्र केल्यानंतर परिशिष्टात फारसे बदल झाले नव्हते. एकत्र फाइल बाजूला ठेवली आणि वर्डमधूनच पुन्हा जोडली: इन्सर्ट, ऑब्जेक्टच्या शेजारचा बाण, 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'. या वाटेने वर्ड चित्रं सोबत आणतो आणि क्रमांक नव्याने लावतो. स्क्रिप्टच हवा असेल तर पायथनमध्ये याच कामासाठी 'डॉक्सकम्पोज' आहे. मजकूर उचलून चिकटवण्याचा घरगुती मार्ग सोडायचा. जोडून झाल्यावर मीडियात चित्रं ५८. मुलाने चौकटीवरचं नाव आणि मथळ्यातला क्रमांक समोरासमोर छापणारी यादी काढली, आणि मी व ती मुलगी प्रत्येक विहिरीची खोली आणि आलेखातली सर्वांत खालची पातळी मिळवत गेलो. एक विहीर त्यातही अडकली. तिथे चित्र बरोबर होतं, मथळ्यातली खोली टंकताना चुकली होती.

पहिल्या खंडात शेवटी एकच राहिलं होतं. सिद्धांताच्या भागात सरांच्या जुन्या लेखातून आलेली दोन समीकरणं होती, जुन्या इक्वेशन एडिटरमधली. ती दिसत होती, दुरुस्त करता येत नव्हती, कारण तो एडिटर जानेवारी २०१८ च्या सुरक्षा अपडेटने ऑफिसमधून काढून टाकला गेला. दिसणारं समीकरण म्हणजे त्याची मागे उरलेली प्रतिमा. ती दोन्ही नव्याने टंकली. पीडीएफ माझ्या कॉम्प्युटरवर काढली नाही. विभागातल्या, प्रकल्पाची एकही फाइल नसलेल्या कॉम्प्युटरवर वर्ड उघडून तिथे काढायला सांगितली. तिथे दिसलं ते सगळीकडे दिसणार.

सोमवारी दोन्ही खंड गेले. त्याच दिवशी संध्याकाळी सरांनी विचारलं, मागच्या वर्षीचा वार्षिक अहवालही याच स्क्रिप्टने जोडला होता ना? मुलगा गप्प. तो अहवाल खात्यात जमा होऊन बरेच महिने झाले होते. त्याची डॉक्स मागवली आणि झिप उघडली. पानांवर आलेख ३६, मीडियात ९. सरांनी शुद्धिपत्रक त्याच रात्री लिहायला घेतलं, सोबत सुधारलेलं परिशिष्ट जोडून, आणि मुलाला सांगितलं की पत्रात कारण लिहायचं ते 'तांत्रिक अडचण' असं लिहायचं नाही, स्क्रिप्टने काय केलं ते लिहायचं.